तहकूब सभेचं गाव

इंदापूर तालुक्यात ग्रामसेवकाची नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच दप्तरात येऊन बसतात! आमच्या घरी टीव्ही बंद असतो. ग्रामसभा झाली की बायको आठवडाभर हसते.

नियम साधा. ग्रामसभेला शंभर माणसं आली नाहीत, तर सभा तहकूब. तीच सभा आठवड्याने पुन्हा घेतली, की पाच माणसंही चालतात. म्हणून पहिल्या सभेला मी, शिपाई आणि सतरंजी! खरा कारभार दुसऱ्या सभेत, उपसरपंच तात्या आणि त्यांचे चार दोस्त करायचे.

* * *

या पाच जणांनी गावासाठी बारामतीहून सिमेंटचे आठ बाक आणले. आठही तात्यांच्या दारात!

"तात्या, गावात दुसरीकडंही माणसं बसतात," मी म्हणालो.

"बसत्यात की! पर काम घिऊन येत्यात माझ्याच दारात!"

* * *

मग ओपन जिम आली. पाचही जण सत्तरीचे, त्यामुळे तिच्यावर गावाच्या गोधड्या वाळू लागल्या. तालुक्याहून साहेब आले. "जिमचा वापर होतो ना?"

तात्या छाती काढून म्हणाले, "सायेब, रोज फुल्ल असती!"

* * *

वरच्या वस्तीवर मात्र नळ नव्हता. तिथली शेवंतामावशी लांबच्या विहिरीवरून हंडे वाहायची आणि दर दुसऱ्या सभेला अर्ज घेऊन यायची. तात्या गोड हसायचे. "पुढच्या सभेत घिऊ की, मावशी!" चार वर्षं हेच. मला तिच्याकडे बघायची लाज वाटायची.

एकदा तिनं विचारलं, "भाऊसाहेब, मानसं कमी म्हनून सभा बंद, आन आठ दिसांनी त्याच्याहून कमी आली तरी चालू? ह्ये कुनी लिवलं?"

"कायद्यात आहे, मावशी."

"किती लागत्यात म्हनला?"

"शंभर."

ती हंडा उचलून तडक निघाली.

* * *

पुढच्या पहिल्या सभेला मी पेपर वाचत बसलो होतो. दारात ट्रॅक्टर थांबला. मागोमाग दुसरा, तिसरा! कांद्याच्या रानातून बाया तशाच मातीच्या हातांनी उतरल्या. एकशे बारा सह्या झाल्या. विषय एकच, नळ. सगळे हात वर! ठराव लिहिताना मला हसू आवरेना.

आठवड्याने तात्या कडक इस्त्रीत, दोस्तांसह हजर. "भाऊसाहेब, काढा वही. गावाच्या कमानीचा ठराव लिवा."

"तात्या, सभा झाली. कोरम भरला होता."

तात्यांनी वही ओढून सह्या मोजल्या. "आन माझी कमान?"

ठरावाची नक्कल न्यायला आलेली शेवंतामावशी दारातूनच गोड हसली.

"पुढच्या सभेत घिऊ की, तात्या!"