येसूचा विलायती भोपळा

भाटे गावाच्या वरच्या अंगाला, कातळावर येसूचं घर. कातळ म्हणजे निव्वळ जांभा. पहार मारली तर पहार वाकेल, पण मेथीची काडी रुजायची नाही. अशा ठिकाणी राहून येसूला लागवडीचा नाद. वाडीतल्या बायका म्हणत, "पोर नाय पदरात, म्हणून डबे पोसते." येसू ऐकायची आणि डब्यांत राख घालायची.

डबे रॉकेलचे. बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं, तळात नारळाची सोडणं, वर मळ्यातून डोक्यावरून आणलेली माती आणि कुजकं शेण. त्यांत तिनं यंदा विलायती भोपळा लावला होता. बी नवऱ्यानं आणलेलं. धाकू परदेशी आगबोटीवर भट्टीत कोळसा मारायचा. मागल्या खेपेला कुठल्याशा बंदरातून ही पुरचुंडी घेऊन आला आणि जाताना म्हणाला, "याला मांडव नको गो. खुडूक कोंबडीसारखं बसून असतं. फळ कोवळंच खायचं. तू लाव, शिमग्याला येऊन मी कापतो."

अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईनं लावायची नाही, बाप्यानं लावायची, अशी आमच्याकडची रीत. म्हणून तो तसं म्हणाला. पण येसूनं ते बोलणं वचनासारखं धरलं.

थंडीत झाडं फोफावली, हळदीसारखी फुलं आली. फळ मात्र बोटाएवढं झालं की कुजून गळायचं. शेजारची गोदूबाई बघायला आली. तोंडाची फाटकी, पण मायेची.

"अगो, हे बाईफूल उमलतं तेव्हा बाप्याफूल कधीच गळालेलं. तुझीच गत!"

"जळलं तुझं तोंड."

"जळूदे. एके दिवशी दोघं एकदम उमलतील, तेव्हा तूच गाठ घालून दे. ह्या वाऱ्यात भुंगा कशाला येतोय मरायला?"

तेव्हापासून येसू उजाडताच डब्यांपाशी बसू लागली. एका सकाळी दोन्ही फुलं उघडी सापडली. तिनं बाप्याफुलाच्या पाकळ्या सोलल्या आणि ते बाईफुलात अलगद फिरवलं. आधी तिला हसू आलं. मग नाही आलं.

ते फळ टिकलं. पोपटी, हातभर, भाजीला अगदी बेताचं कोवळं. धाकूचा चुलतभाऊ रावजी वाटेनं जाता जाता थांबला.

"वयनी, जून होईल तो. आणा कोयती, एका घावाचं काम."

"ऱ्हाऊदे भावोजी. शिमगा आलाच."

भोपळा फुगत गेला. साल निबर झाली, गोदूचं नख शिरेना. कातळावरून दर्या दिसायचा. मुंबईच्या बोटीचा धूर दिसला की येसू हातातलं काम टाकून उभी राहायची, बोटीवरचे उतारू आणणारा पडाव किनाऱ्याला लागून माणसं पांगेपर्यंत.

शिमग्याचा होम पेटला, पालखी नाचली. बोटीतून उतरला तो राजिवड्याचा सुलेमान, धाकूच्या जोडीचा खलाशी. थेट येसूच्या घरापुढल्या खळ्यात आला, पण बसला नाही.

"येसूबाय, धाकू खुशाल हाय. पण मुंबैत उतरला तो तिथूनच दुसऱ्या बोटीवर चढला. आता दोन सालं तरी नाय."

"मुंबैपर्यंत येऊन घरी नाय आले?"

"मी म्हटलं, चल रे. तर म्हणतो, घरी गेलो की मग पाय निघत नाय."

येसूनं त्याला गूळपाणी दिलं. तो गेल्यावर तिनं भोपळा देठापासून पिळून तोडला.

"रावजीला हाक मारू?" गोदूनं विचारलं.

"नको."

"मग तू कापणार?"

"सुरी लावायची नाय, एवढंच ना?"

भोपळा दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून तिनं कातळावर आपटला.

"अगो रांडे!" म्हणत गोदू तुकडे गोळा करायला धावली.

गर दोऱ्यादोऱ्यांचा झाला होता. येसूनं तो खरवडून खोबरं घालून शिजवला. दोघी जेवायला बसल्या.

"अळणी झालीय गो भाजी," गोदू म्हणाली.

"त्यांना मीठ कमी लागतं," येसू म्हणाली आणि तिला आणखी वाढू लागली.