पिचरच्या दगडावर फोडलेला नारळ

ओल्या खोबऱ्याचा वास आला की मला अजून मळमळतं. बायको आमटीसाठी खोबरं खवायला घेते तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून घराबाहेर जातो. तिला वाटतं माझं पित्त वाढलंय. पित्ताचा काही संबंध नाही, ही शिसारी मला माझीच आहे.

आम्ही तेव्हा माउंट वेलिंग्टनला राहायचो आणि मी ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात मशीन सांभाळायचो. आमची अकरा वर्षांची मुलगी सॉफ्टबॉल खेळायची. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचंच भावंड, फक्त यात चेंडू टाकणारा पिचर हात कमरेखालून फिरवतो. मुलगी पिचर होती आणि तिला शिकवणारी कोच एक माओरी बाई होती. या बाईचे वडील मुली खेळायच्या त्याच मैदानावर नाव कमावलेले पिचर. ते गेल्यावर क्लबने मैदानाच्या जाळीमागे एक काळा दगड बसवला आणि त्यावर त्यांच्या नावाची पितळी पाटी लावली. दगड आपल्या सह्याद्रीतल्यासारखाच काळा, छिद्राछिद्रांचा. इथले डोंगरही ज्वालामुखीचेच.

पाटी उघडायच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी प्रार्थना म्हटली, मग पाटीवरचं कापड काढलं. कोच रडली. मी मागे हातात पावात गुंडाळलेलं सॉसेज घेऊन उभा होतो. ती डोळे पुसत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "खाणं इकडे नको हं. हे आमच्यासाठी त्यांचं डोकं आहे, आणि डोक्याजवळ आम्ही खाणं आणत नाही. चहा तिकडे क्लबरूममध्ये आहे." मी शरमून सॉसेज खिशात कोंबलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

पुढच्या वसंतात आमच्या मराठी मंडळाच्या क्रिकेट स्पर्धेला मैदान मिळेना. मी कोचला विचारलं. तिने क्लबमध्ये शब्द टाकला आणि सॉफ्टबॉलचा सीझन सुरू व्हायच्या आधीचा एक रविवार आम्हाला मिळवून दिला. आमच्यात नारळ फोडल्याशिवाय स्पर्धा सुरू होत नाही. एरवी तो मान अध्यक्षांचा, पण मैदान मी आणलं म्हणून त्या वर्षी माझा. मला बरं वाटलं हे कबूल करतो. इस्त्रीचा कुर्ता घालून गेलो होतो.

आदल्या दिवशी पाऊस झालेला. मी नारळ दोनदा आपटला, दोन्ही वेळा तो गवतात रुतला. लोक हसायला लागले. कुणी म्हणालं, "मशीनची बटणं दाबून हात गेले वाटतं."

अध्यक्ष म्हणाले, "अहो, तो दगड आहे ना तिथे. देवानेच ठेवल्यासारखा."

तीसेक माणसं माझ्याकडे बघत होती, निम्म्यांच्या हातात फोन. दगड कुणाचा आहे ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी गेलो आणि एका फटक्यात नारळ फोडला. पाणी पाटीवरून ओघळलं. कुणाच्या तरी बायकोने हौसेने हळदकुंकू वाहिलं, मोरयाचा गजर झाला, खोबऱ्याचे तुकडे वाटले गेले. माझ्या मुलीने तुकडा हातात घेतला आणि खाल्ला नाही. संध्याकाळी पुसून टाकू, असं मी मनात म्हटलं. संध्याकाळी आमची टीम हरली, माझं तोंड उतरलं आणि मी घरी गेलो.

बुधवारी प्रॅक्टिसला मुलीला सोडायला गेलो तर सगळे पालक दगडाभोवती उभे. नावाच्या अक्षरांत कुंकू बसलं होतं. भेगेत खोबऱ्याचा चुरा आंबला होता, त्याचा ओशट वास येत होता आणि पाटीवर मुंग्यांची रांग लागली होती. कोच चिडली नव्हती, त्याने जास्त त्रास झाला. "कुणीतरी माझ्या वडिलांच्या डोक्यावर खाणं ओतलंय," ती म्हणाली. "पोरंटोरं असतील." आमच्यावर तिचा संशयही गेला नाही, कारण मैदान तिने विश्वासाने दिलं होतं.

बाकीच्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. नुसती हलवली नाही, "टेरिबल" असंही म्हणालो. मुलगी माझ्याकडे बघत होती.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "यू हॅव टू टेल हर, बाबा." आमच्या मुलीला मराठी सगळं समजतं, ती बोलते मात्र इंग्रजीच.

"बघू," मी म्हणालो.

अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलंत तर पुढच्या वर्षी मैदान विसरा. आणि आपण पूजाच केली ना हो, घाण थोडीच केली?" मला त्या माणसाची किळस आली, आणि त्याने मला हवं तेच सांगितलं म्हणून सुटल्यासारखंही झालं. गुरुवारी मुलीने पुन्हा विचारलं. मी पुन्हा बघू म्हणालो. शुक्रवारी तिने विचारलं नाही.

शनिवारी दुपारी तिला आणायला गेलो. बाकी मुली गेल्या होत्या. माझी मुलगी दगडापुढे गुडघ्यावर बसून जुन्या टूथब्रशने एकेक अक्षर घासत होती. शेजारी बादली, आणि कोच वरून पाणी सोडत होती. मुलीचा उजवा हात, बॉल टाकायचा हात, कोपरापर्यंत लाल झाला होता.

मला बघून तिने मान वर केली आणि शांतपणे मराठीत बोलली. कोचला कळू नये म्हणून.

"मी सांगितलं मीच केलं. सीझनच्या लकसाठी. आता तू काही बोलू नको."

तिची मराठी चांगली होती. मराठीत इतकं सलग मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला तोंड उघडायचं होतं, शपथेवर सांगतो, मी उघडलंही. तेवढ्यात कोचने बादली खाली ठेवली, हात पुसले आणि माझ्याजवळ आली.

"तिला पहिल्या दोन मॅच बाहेर बसवणार आहे," ती म्हणाली. "पण तिच्यावर रागावू नका. स्वतःहून येऊन सांगितलं तिने. हे घरातूनच येतं. चांगलं वाढवलंत तुम्ही तिला."

मुलगी घासत होती. तिने वर पाहिलं नाही.

मी थँक यू म्हणालो.