रिमोटची दांडी

लाखनीला हायवेवर मोटारपंप दुरुस्त करणारा एक मिस्त्री बसायचा. त्याचं नाव विचारायची मला गरज वाटली नाही. मी इंजिनिअर ना!

माझी रिमोटची बोट तलावात हलत नव्हती, नुसती पीं-पीं करायची. व्हिडिओ पाहून मी मोटरचा स्पीड कंट्रोलर दोनदा बदलला होता. शेवटी बोट घेऊन मिस्त्रीकडे गेलो.

मला एकुलती खुर्ची देऊन तो पोत्यावर बसला आणि माझं सिग्नलवरचं व्याख्यान संपेपर्यंत पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत राहिला. मग त्यानं रिमोटवरची वेगाची दांडी पूर्ण खाली ओढली आणि नंतरच बॅटरी जोडली. दांडी हळूच वर करताच मोटर फिरली.

"तुमी दांडी वर ठेवूनच चालू करून राहिले," तो म्हणाला.

"त्यानं काय होतं?"

"मशीन हुशार हाय, साहेब. वर चढून बसलेल्याचं आयकत नाही."

मी खुर्चीवरून उतरलो.