सुपडूभाऊने केलेला स्पेसर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवासमोरही नाही. तिथे हात जोडून उभा राहायचो आणि दुसरंच काहीतरी मागून परत यायचो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. पण सुरुवात कुठून करू?

चाकांपासून करतो. सुरतेत उधन्याला एका टायरच्या दुकानात मी सव्वीस वर्षं गाड्यांना चाकं बसवतोय. कंपनीची चाकं काढून लोक रुंद, चकचकीत रिम घालतात ना, ते काम. गिऱ्हाईक विचारतं, "बसेल ना?" मी म्हणतो, "बसेल." आणि बसतं. ह्या एका शब्दावर माझं नाव झालं. तो शब्द किती सहज निघायचा माझ्या तोंडून!

पलसाण्याला कापड रंगवण्याचा कारखाना असलेले एक शेठ होते. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची लाल, दोन माणसांची स्पोर्ट्स कार होती. परदेशातली, बुटकी, देखणी. तिला तेरा इंचांची जुनी चाकं होती, शेठना पंधरा इंचांची हवी होती. त्यांनी फोनवर मला साइज विचारली, मी सांगितली. मग ऑफसेट विचारला. ऑफसेट म्हणजे रिम हबला, चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या तबकडीला, जिथे टेकते ती जागा आणि रिमची मधली रेषा, ह्यांतलं अंतर. हा आकडा जास्त झाला की चाक गाडीच्या आत सरकतं, कमी झाला की बाहेर येतं. हल्लीच्या गाड्यांना तो साधारण चाळीस मिलिमीटर असतो. मी रोज चाळीसच बसवत होतो. म्हणून म्हणालो, "चाळीस, शेठ."

गाडीचं एक चाकही न काढता. पट्टीही न लावता. फोन कानाला, दुसऱ्या हातात चहा.

तिला पंचवीस लागत होता. रिम आल्या, त्यांच्यावर टायर चढले, आणि मी पुढचं चाक लावून फिरवलं तर टायर आत शॉकअपवर घासला. त्याच वेळी फोन करून म्हणायचं होतं, "शेठ, चुकलो." किती वेळ लागला असता? पण दसऱ्याला गाडीची पूजा करून ते मिरवायला नेणार होते आणि चाकं माझ्या शब्दावर मागवली होती. मी म्हणालो, "थोडं फिटिंग बाकी आहे."

हे फिटिंग म्हणजे स्पेसर. हब आणि रिमच्या मध्ये धातूची जाड चकती घालायची, की चाक तेवढं बाहेर येतं. ती करायला मी सुपडूभाऊकडे गेलो.

सुपडूभाऊ आमच्या खानदेशातला, राहायला गोडादऱ्याला. त्याच्याकडे एक लेथ मशीन होतं, त्यावर तो लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, भाग करून द्यायचा. त्याने केलेला भाग दुसऱ्यांदा घासावा लागत नाही, असं कारखानेवाले म्हणायचे. त्याने चार स्पेसर करून दिले. इतके साफ की कडेवरून बोट फिरवलं तरी अडायचं नाही. देताना म्हणाला, "भाऊ, जाडी पंधरा से. स्टड लांबा टाकजो, इसरजो नको."

त्याने सांगितलं होतं. हे तुम्ही लक्षात ठेवा.

स्टड म्हणजे हबमधून बाहेर आलेले बोल्ट, ज्यांवर चाकाचे नट बसतात. चकतीने पंधरा मिलिमीटर खाल्ले की नटाला धरायला बोल्ट उरत नाही. लांब स्टड मागवायला दोन आठवडे लागले असते. आणि मागवताना शेठना कारण सांगावं लागलं असतं.

आमच्या उस्तादांनी एक सवय लावली होती. मशीन लावण्याआधी प्रत्येक नट हाताने फिरवायचा आणि वळसे मोठ्याने मोजायचे. एक, बे, त्रण — गुजरातीतच मोजायचो आम्ही. सात पुरे झाले नाहीत तर गाडी रस्त्यावर जाऊ द्यायची नाही. त्या दिवशी मी मोजले. चार. पाचवा अर्धा. मोठ्याने नाही मोजले, मनात मोजले. मग हवेच्या गनने नट कसून टाकले आणि वर चकचकीत टोप्या बसवल्या. आता कुणाला दिसणार होतं?

मला माहीत होतं. भूल नव्हती ती — माहीत असताना दिली मी गाडी. शेठनी चाकांना हार घातला, मला पेढा दिला. मी खाल्ला.

तिसऱ्या दिवशी पलसाण्याच्या हायवेवर पुढचं उजवं चाक निखळलं. गाडी दुभाजकावर गेली. शेठचा उजवा हात कोपरात मोडला, तो पुन्हा कधी सरळ झाला नाही. गाडी उचलायला मीच गेलो. नटांच्या आतले आटे साफ गेले होते. स्पेसर वीसेक पावलांवर गवतात पडला होता, ओरखडलेला पण अख्खा. कुठे तडा नाही, कुठे वाकलेला नाही. मी तो खिशात घातला आणि परतताना भंगाराच्या ढिगात टाकून दिला.

हॉस्पिटलात शेठनी विचारलं, "गलती किसकी?"

"स्पेसर टूट गया, शेठ. सुपडू लेथवाले का माल हलका था."

हे तेच वाक्य. इतका वेळ मी ह्याच्याभोवती फिरत होतो.

शेठच्या ओळखी खूप. महिन्याभरात सुपडूभाऊकडे लूमचं काम येणं बंद झालं. तो दुकानात आला. चिडलेला नव्हता. म्हणाला, "भाऊ, तू पाह्यं ना? मन्हा माल खरंच तुटना का?" मी टायरवरून नजर न उचलता म्हणालो, "चुरा झाला होता, सुपडूभाऊ." तो मग गेला. मशीन विकलं, आणि एका लूमच्या कारखान्यात पाळीवर लागला.

ह्याला आता सात वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्याच्या मुलीला बघायला नंदुरबारहून पाहुणे आले, त्याने मलाही बोलावलं. वरण-बट्टी होती. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "स्वतःचं लेथ होतं म्हणे तुमचं. का सोडलं?"

वाटलं, आता तो सांगेल की नाहक नाव खराब झालं. माझ्याकडे बघेल.

तो म्हणाला, "मन्हा हातनं एक काम खराब व्हयनं. एक माणूसना हात गया त्यामुळे. मंग मीच बंद करं. आपला भरोसा आपलेच नही, तर लोकेसले काय देवाना?"

बोलता बोलता त्याने माझ्या ताटातल्या बट्टीवर तूप वाढलं. "खा ना भाऊ," म्हणाला.

मी जेवलो. दुसऱ्यांदा वाढलं, तेही जेवलो.