रक्तदाबाचं जाहीर प्रात्यक्षिक

निरोगी राहण्याची गुरुकिल्ली सांगता सांगता वक्त्यालाच स्टेजवर आडवं करावं लागलं, असा प्रकार फुलपाड्यात आजवर एकदाच घडला आहे. तो वक्ता मी.

त्याचं असं झालं. मी राहतो निर्मळ गावात. तळ्यापासून जरा आत आमची छोटीशी वाडी आहे, वाडीत घर आणि घरात मी आणि माझी बायको सुलभा. शाळेत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो तेव्हा निरोपसमारंभात घातलेला हार माझ्या पोटावर चक्क आडवा विसावला होता. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मान हलवली. पण पुढच्या वर्षभरात काय झालं कोण जाणे! पोट ओसरलं, साखर उतरली, आणि रक्तदाब असा शहाण्यासारखा वागायला लागला की डॉक्टरांनी यंत्र झटकून परत लावून पाहिलं.

"काय करता काय तुम्ही?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न निवृत्त माणसाला कधीही विचारू नये. त्याच्याकडे उत्तर द्यायला भरपूर वेळ असतो.

मी सांगत सुटलो. पहाटे उठणं, सायकल चालवणं, ताजी भाजी, बेताचं जेवण आणि या सगळ्याच्या मुळाशी म्हणजे इच्छाशक्ती! मी हे लग्नात सांगितलं, बारशात सांगितलं. एकदा तर दहाव्याला सांगितलं. (ज्यांचा दहावा होता त्यांना उशीर झाला होता, पण बाकीचे होते.)

अशात माझ्या धाकट्या बहिणीचा, मीनाचा फोन आला. मीना विरारला फुलपाड्यात राहते.

"दादा, आमच्या सोसायटीचा वर्धापनदिन आहे. आरोग्यावर बोलायला आहारतज्ज्ञ बाई येणार होत्या, पण त्या आजारी पडल्या. तू बोलशील?"

बोलशील? मला! मी तिथल्या तिथे हो म्हटलं, आणि वर असंही जाहीर केलं की मी आधीच मुक्कामाला येतो. भाषणापूर्वी मीनाला आणि तिच्या नवऱ्याला, दिलीपरावांना, वळणावर आणून दाखवतो. म्हणजे सभेत जिवंत उदाहरण हाताशी!

सुलभा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाषण द्यायला जा. सुधारायला जाऊ नका."

मी गेलो. मीनाचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, चालू नाही. "वा वा!" मी जिन्यात म्हणालो, "हा तर फुकटचा व्यायाम!" हे मी म्हणालो तेव्हा माझी बॅग मीनाच्या हातात होती. ती ऑफिसातून नुकतीच आली होती आणि तिच्या दुसऱ्या हातात दळणाचा डबा होता. ती धापा टाकत चढत राहिली. मला वाटलं, पटलं असावं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बूट घालून चालायला निघालो, तर दारापर्यंत पोचताच येईना! बादल्या, कळशा, पिंप, पातेली... घरात आग लागल्यासारखी दोघांची धावपळ. पाणी आलं होतं. ते फार वेळ थांबत नाही म्हणे.

"दिलीपराव, हे राहू द्या, चालायला चला!"

"दादा, मला मग गाडी पकडायचीय."

"मग जरा लवकर उठायचं!"

दिलीपराव कळशी खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "ह्याच्यापेक्षा लवकर म्हणजे कालच उठावं लागेल."

मी एकटाच गेलो. निर्मळला मी नाकासमोर चालतो. इथे नाकासमोर रिक्षा होती. रस्त्याची एक बाजू खणलेली, दुसऱ्या बाजूला दुचाक्या झोपलेल्या, आणि मधली जी चिंचोळी पट्टी उरली होती तीवर आधीच कुत्र्यांचं एक मंडळ बसलं होतं. मी दीर्घ श्वास घेतला, तो नेमका टँकरच्या धुरात. खोकलो. माझा खोकला मंडळाला आवडला नाही. ते उठले. मीही निघालो. गेल्या कित्येक वर्षांत मी धावलो नव्हतो, त्या सकाळी धावलो! (इच्छाशक्तीने नव्हे.)

घामाघूम होऊन घरी आलो तर दोघंही कामाला निघून गेलेली. म्हटलं, आंघोळ करू. आमच्याकडे आंघोळ म्हणजे विहिरीचा पंप लावायचा आणि मन भरेपर्यंत तांब्यावर तांब्या. तसंच केलं. मन जरा उशिरा भरलं. शिवाय घामाचे कपडे खळखळून धुतले, गॅलरीतल्या तुळशीला पाणी घातलं, आणि गॅलरीही धुऊन काढली. कामाला हातभार नको का?

संध्याकाळी मीना आली. स्वयंपाकघरातून हाक आली.

"दादा, मोठं पिंप रिकामं कसं?"

"अगं, स्वच्छता केली जरा."

"आणि लहान पिंप?"

"तेही जरा... स्वच्छतेलाच."

मीना भिंतीला टेकून उभी राहिली. रागावली नाही, त्यानेच मी घाबरलो. ते घरातलं सगळं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळीच नव्हती! पण पुढे जे झालं ते मी अजून विसरलेलो नाही. मीनाने दार उघडून नुसतं "ओ शिंदेबाई" म्हटलं आणि थोड्याच वेळात मजल्यावरच्या प्रत्येक घरातून एकेक कळशी आली. स्वतःच्या पिंपातून काढलेली, स्वतःच्या उद्यातली. त्या शिंदेबाई हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत, ड्युटीवरून येऊन अजून टेकल्याही नव्हत्या. "पाहुणे आहेत, होतं असं," म्हणाल्या. मी कळशीकडे बघत राहिलो. निर्मळला आमची विहीर तुडुंब असते, पण तिच्यातलं पाणी मी कधी कुणाला असं उचलून दिलेलं मला आठवत नव्हतं.

तरीही माझी इच्छाशक्ती शाबूत होती. भाजी आणायला गेलो. हातात आली ती मेथी माझ्याइतकीच निवृत्त होती. शिवाय मीना घरी पोचून, जिना चढून, कुकर लावेपर्यंत मला इतकी भूक लागायची की डोळ्यांपुढे काजवे चमकत. आणि सोसायटीच्या कोपऱ्यावर वडापावची गाडी! तो वडा आणि मी यांच्यामध्ये फक्त माझी इच्छाशक्ती उभी होती. पहिल्या दिवशी ती जरा बाजूला सरकली. दुसऱ्या दिवशी तीच मला कोपऱ्यापर्यंत हात धरून घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी गाडीवाला मला बघून न विचारता दोन बांधू लागला.

झोपेचंही तेच. शेजारच्या इमारतीत कुणाचं तरी लग्न, वरच्या मजल्यावर फरशीचं काम, खालून रात्रभर रिक्षा. आठवड्याच्या अखेरीस माझ्या डोळ्यांखाली अशी वर्तुळं आली की आरशात बघून मीच स्वतःला डॉक्टरांचा पत्ता दिला असता.

आणि वर्धापनदिन उजाडला. पार्किंगमध्ये स्टेज, मागे फुगे, समोर खुर्च्या भरलेल्या. मी इच्छाशक्तीवर जोरात सुरुवात केली. टाळ्याही पडल्या. आणि मग मी, कुणी सांगितलं नसताना, प्रात्यक्षिक जाहीर केलं.

"आता आपल्या शिंदेबाई इथे सर्वांसमक्ष माझा रक्तदाब मोजतील! साठीच्या माणसाचा रक्तदाब कसा असावा ते पाहा!"

शिंदेबाईंनी घरून यंत्र मागवलं, पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला. पुन्हा फुगवला. पुन्हा बघितला. माइक सुरूच होता.

"अगं बाई!" हे दोन शब्द लाउडस्पीकरवरून रस्त्यापर्यंत गेले.

"काय झालं?"

"दादा, आडवे व्हा."

"मी बोलतोय."

"आडवं होऊन बोला. दुपारी काय खाल्लंत?"

"साधंच... वडा."

"किती?"

"पाव धरून की नुसते?"

समोर हास्याचा स्फोट झाला. दोघातिघांनी मिळून मला स्टेजवर झोपवलं, कुणी तरी डोक्याखाली उशी सरकवली, कुणी तरी माझ्याच भाषणाच्या कागदांनी वारा घालू लागलं. (भाषणाचा तेवढा उपयोग झाला.) शिंदेबाईंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "उतरतंय, काळजी नको, पण उद्या डॉक्टरांना दाखवा." आता लोकांनी उठून जेवायला जावं की नाही! पण पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "वक्ते, घरी असताना तुमचं चांगलं असतं म्हणता. मग तिथे नेमकं करता काय, ते तरी सांगा."

मीनाने माइक माझ्या तोंडाशी धरला. छताकडे बघत मी सांगू लागलो.

"सकाळी उठतो. म्हणजे पाखरं इतका गलका करतात की झोपताच येत नाही. मग सायकलवर तळ्याला फेरी. रस्ता सपाट आहे, वर चिंचेची सावली. समुद्रावरून वारं येतं, ते पाठीला लागलं की पायडल मारायचीही गरज नसते. परत येतो तर दारात भाजीवाली उभी. वाफ्यातून काढलेली भाजी, मुळांना माती तशीच."

"ती तुम्ही करता?"

"नाही, सुलभा करते."

"आणि ते बेताचं जेवण?"

"तेवढंच वाढते ती."

"मग तुम्ही स्वतः काय करता?"

मी खूप विचार केला. खरोखर केला.

"मी... जेवतो," मी म्हणालो.

पुन्हा हशा. मीही हसलो, आणि पोट हलल्यावर शिंदेबाईंनी दटावलं. पण त्या हशात मीना हसत नव्हती. ती माझ्या डोक्याशी बसली होती. माइक बाजूला ठेवून हळूच म्हणाली, "इच्छाशक्ती इथंही आहे रे दादा. ती पाणी भरण्यातच संपते."

मी तिच्याकडे बघितलं. आम्ही एकाच आईची मुलं. एकाच ताटात जेवलेलो, एकाच विहिरीचं पाणी प्यायलेलो. लहानपणी ती माझ्यापेक्षा जोरात सायकल चालवायची, मला कधीच गाठू द्यायची नाही. आता फरक एवढाच की पत्ता वेगळा. मी वाडीत राहिलो आणि त्या पत्त्याला इच्छाशक्ती म्हणत हिंडलो! आणि इथे ही सगळी माणसं: चार मजले चढून, बादल्या वाहून, दिवसभर राबून, तरी संध्याकाळी धुतलेली साडी नेसून एका फुकट्या वक्त्याचं ऐकायला वेळेवर बसली होती. रोज घरी आल्यावर दिलीपराव गच्चीवर चकरा मारतात, हे मला त्या मुक्कामात एकदाही दिसलं नव्हतं, तेही तिथेच शिंदेबाईंकडून कळलं. खरं सांगतो, त्या स्टेजवर आडवा पडून मी त्या खुर्च्यांकडे बघितलं आणि माझे हात आपोआप जोडले गेले. (लोकांना वाटलं, शेवटचा नमस्कार. एक बाई रडायलाच लागली.)

निर्मळला परतलो. दुसऱ्या दिवशी पहाटे पंप लावला आणि पाणी बदबदा आलं, तर मी तोटीपाशी उभाच राहिलो. रोज येतं. काही न मागता येतं. सायकल काढली, पण फेरी मारायला दुप्पट वेळ लागला, कारण मी प्रत्येक झाडाखाली थांबत होतो. ही सावली कुणी तरी लावून ठेवलेली. हा रस्ता कुणी तरी मोकळा राखलेला. तळ्यावरून आलेली झुळूक तोंडावर घेतली आणि हे सगळं आपल्याला कुणी, कशाबद्दल दिलं असेल, या विचाराने अंगावर काटा आला. पुढच्या तपासणीत डॉक्टर पुन्हा चकित. "इतक्यात परत नॉर्मल? काय केलंत?"

"घरी आलो," मी म्हटलं. हे माझं आजवरचं सर्वांत छोटं भाषण.

मग मीनाला फोन करून सांगितलं, रविवारी सगळे इकडे या. तर खरंच आले! अख्खा मजला टेम्पो करून आला. दिलीपरावांनी तळ्याकाठी बूट काढले आणि बसल्या बसल्या झोपले. त्यांना कुणीच उठवलं नाही. मीनाने माझी सायकल घेतली आणि शिंदेबाईंना मागे बसवून अशी सुसाट गेली की मी नुसता आ वासून बघत राहिलो. अजूनही जमेल तेव्हा येतात, आणि जाताना भाजीच्या पिशव्या नेतात.

परवाच्या खेपेला त्यांच्यातली एक नवीन बाई सुलभाला म्हणाली, "वहिनी, यांचं पुन्हा एकदा भाषण ठेवू या ना. इतके ठणठणीत कसे, ते सांगतील."

सुलभाने अंगणातल्या केळीकडे बोट दाखवलं.

"ती पण ठणठणीतच आहे. तीच माती, तेच पाणी, तीच हवा. आणि दोघांचं बघतेही मीच. तिला निदान घड तरी लागतो."

सगळ्या बायका केळीचा फोटो काढायला धावल्या. मी मध्ये येत होतो, म्हणून त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं.