काजवाली कुणाची?

"हात पसरायचाच झाला तर अनोळखी माणसापुढे पसरावा, ओळखीचा माणूस ते जन्मभर विसरत नाही," असं काजवाली एकदा म्हणाली होती.

म्हणाली ती सरकारी भत्त्याच्या खिडकीशी उभी राहून. खिडकीच्या आत कोळशाच्या वखारवाल्यांची सून बसायची. ती तिथं कारकून होती. रांग संपली होती. काजवालीला घरी जायची घाई नव्हती, कारण कचेरी उबदार होती आणि तिची खोली तशी नव्हती.

कपड्यांच्या कारखान्यात ती पोरवयात लागली ती काजं करायला. कोटाच्या कापडाला नेमकी चीर द्यायची आणि तिच्या कडा दोऱ्यानं अशा बांधायच्या, की बटण किती का वेळा आत-बाहेर होईना, सूत सुटता कामा नये. यंत्रं आली तेव्हा बाकीच्या बायका घरी गेल्या. हिला ठेवलं, कारण महागड्या कोटांच्या गिऱ्हाइकांना हातचंच काज लागायचं. "सगळं आयुष्य भोकं पाडण्यात गेलं माझं," ती म्हणायची, "पण एकातूनही कुणाचं काही गळलं नाही." नवरा घरं रंगवायचा, शिडीवरून पडला आणि गेला. मूलबाळ नव्हतं. पुढं डोळे गेले. आंधळी नाही झाली, सुईच्या नाकापुरते गेले. तिच्या धंद्यात तेवढं पुरेसं होतं.

भत्ता घ्यायला ती यायची ती आपला चांगला कोट घालून, मान ताठ ठेवून, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकासारखी. "कर भरलाय मी जन्मभर," ती सुनेला म्हणायची. "माझंच आहे हे. तुम्ही फक्त सांभाळून ठेवलंत, त्याबद्दल आभार." सुनेला ती आवडायची. दिवसभर खिडकीतून जे चेहरे दिसत ते जणू आधीच माफी मागून ठेवलेले असत. हा एक तसा नव्हता.

वखारवाल्यांच्या घरात जेवताना एकच वाद रोज पानात पडायचा. सासरे चर्चच्या मदत समितीचे प्रमुख. त्यांचं म्हणणं, गरिबाला मदत करणं हे शेजाऱ्याचं काम, देवाघरचं काम. सरकारला काळीज नसतं. सुनेचं म्हणणं, काळीज नसतं हेच बरं. काळीज असलेला माणूस देतो आणि मग देताना बघत बसतो. नवरा दोघांच्या मध्ये बसून पाव तोडायचा. "आमच्या घरी देव आणि सरकार एकाच ताटात जेवतात," तो म्हणायचा, "मीठ मात्र मलाच आणावं लागतं."

एका रात्री सासरे वादात वरचढ ठरायला लागले आणि सुनेच्या जिभेवर काजवालीचं वाक्य आलं. नुसतं वाक्य सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण तिनं मान ताठ केली, ओठ चिमटले, आवाजही काढला. नवरा पोट धरून हसला. "कोण गं ही?" त्यानं विचारलं, आणि सून रंगात येऊन बोलून गेली, "पूर्वी कोटांची काजं करायची ती."

हातानं काजं करणारी बाई गावात एकच होती.

"म्हणजे आमच्या चर्चच्या शेवटच्या बाकावरची," सासरे म्हणाले. ते हसले नव्हते. "इतकी वर्षं आमच्यात बसते, आणि तिला सरकारचं दार जवळचं वाटतं?"

सासरे वाईट माणूस नव्हते. खरी पंचाईत तीच होती. वाईट असते तर त्यांनी ते वाक्य मनात ठेवून डूख धरला असता. ते चांगले होते, म्हणून दुसऱ्या सकाळी त्यांनी कोळशाचं पोतं स्वतःच्या पाठीवर घेतलं, वखारीतल्या हमालालाही हात लावू दिला नाही, आणि काजवालीच्या खोलीचा जिना चढून गेले. जिन्यावर धापा टाकत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला नको कसं म्हणणार? तिनं दार उघडं धरलं.

घरी येऊन ते डोळे पुसत सांगत होते. "मी तिला म्हटलं, बाई, अनोळखी माणसांपुढं कशाला? आम्ही का तुम्हाला अनोळखी आहोत?"

सुनेच्या हातातली बशी हातातच राहिली. "बाबा, हे असंच म्हणालात तुम्ही तिला?"

"मग? तूच तर सांगितलंस."

"ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार? गहिवरली बिचारी. तोंडातून शब्द फुटला नाही तिच्या."

काजवाली हे वाक्य आणखी कुणाकुणापाशी बोलली असेल, अशी सुनेनं स्वतःची समजूत घालून पाहिली. पण बोलताना काजवालीनं आवाज किती खाली आणला होता ते तिला आठवत होतं.

त्या चर्चची एक रीत होती, सासऱ्यांनीच घालून दिलेली. ज्याला मदत दिली त्याचं नाव रविवारी प्रार्थनेनंतर पुकारायचं आणि त्यानं जागेवर उभं राहायचं. दिलेलं कुठं गेलं ते देणाऱ्यांना दिसलं पाहिजे, नाहीतर लोक देईनासे होतात, असं सासऱ्यांचं म्हणणं. आणि ते अगदीच खोटं नव्हतं. त्या रविवारी त्यांनी काजवालीचं नाव पुकारलं. यापुढं तिचा भार दर महिन्याला चर्च उचलेल, असंही जाहीर केलं. तिला न विचारता, भरल्या गळ्यानं.

माना मागं वळल्या. सून वळली नाही. ती पुढच्या बाकाच्या पाठीवरच्या लाकडाच्या गाठीकडं बघत राहिली. तरी मागं बाक करकरल्याचा आवाज तिला आला. माणूस उठायला लागतो त्याहून जास्त वेळ तो करकरत होता.

चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या रांगेत सुनेच्या कचेरीतले साहेबही उभे असत. सोमवारी त्यांनी तिला बोलावलं.

"ती काजवाली आपल्याकडची ना? संस्थेची नियमित मदत सुरू झाली की भत्ता थांबवायचा, चौकशी होईपर्यंत. शेरा तुम्हीच मारा."

"साहेब, एकच पोतं दिलंय अजून. आणि तिनं मागितलेलं नाही."

"दर महिन्याला म्हणाले तुमचे सासरे. भर सभेत." साहेब मवाळ आवाजात पुढं म्हणाले, "तुमच्याच घरून जातंय ते. उद्या कुणी म्हणालं, बाईंनी घरचं माणूस म्हणून झाकलं, तर मी काय उत्तर देऊ?"

ते पाऊल मागं घ्यायला सासऱ्यांना सांगते, थोडे दिवस थांबा, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण मग हे सुरू कुठून झालं तेही निघालं असतं. तिनं शेरा मारला. अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य आलं, याचीच तिला लाज वाटली.

काजवाली खिडकीशी आली तेव्हा सुनेनं तिला नियम वाचून दाखवला. वाचताना वर बघावं लागत नाही.

"चौकशी किती दिवस चालेल?" काजवालीनं विचारलं.

"सांगता येत नाही."

"तोवर तुमच्या सासऱ्यांच्या पोत्यावर जगायचं म्हणता."

सुनेनं नियमाचा कागद घडी करून बाजूला ठेवला.

"फार चांगले आहेत हो सासरे तुमचे," काजवाली म्हणाली. "पाठ दुखली असेल त्यांची. शेकायला सांगा." आणि तिनं सुनेकडं नीट पाहिलं. ओरडली असती तर सुनेला बरं वाटलं असतं.

घरी तिनं सासऱ्यांना भत्ता बंद झाल्याचं सांगितलं. शेरा आपणच मारला ते नाही सांगितलं. सासरे आधी चपापले, मग उजळले. "झालं ते बरं झालं. आता ती पुरी आपली. रविवारी जेवायलाच बोलावू तिला, सगळं समोरासमोर ठरवून टाकू."

काजवाली आली. निमंत्रण नाकारलं असतं तर चर्चमध्ये बसायची सोय राहिली नसती. तिनं कोट काढला नाही. सूप वाढलं, तिनं दोन चमचे घेतले.

"आता काळजी सोडा बाई," सासरे म्हणाले. "त्या खिडकीचं तोंड बघायला नको. आम्ही आहोत."

"भत्ता तिचा हक्क आहे, बाबा," सून म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. "मी अर्ज करीन वरती. तुम्ही पुढच्या रविवारी सभेत सांगा, की ही मदत नियमित नाही."

"दिलेला शब्द फिरवू? आणि तुझं सरकार काय करतंय बघ की. एका पोत्यावरून म्हातारीचा घास काढला."

"पोतं मुळात न्यायला कुणी सांगितलं होतं?"

सासऱ्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती पाव कापायला लागली.

"अरे, ती समोर बसलीय," नवरा म्हणाला. "तिलाच विचारा की."

"बरोबर आहे," सासरे म्हणाले, आणि मायेनं पुढं वाकले. "तुम्हीच सांगा, बाई. मोकळेपणी. तुम्हाला काय बरं वाटतं, सरकारनं बघावं की आम्ही?"

"हो, सांगा ना, मावशी," सून म्हणाली. मावशी ती आजवर तिला कधी म्हणाली नव्हती.

सुनेच्या मनात आलं, आता ती सांगेल, ते वाक्य मी फक्त हिच्यापाशी बोलले होते. आणि तिला कळलं, की आपण तसं व्हावं म्हणूनही बसलोय आणि होऊ नये म्हणूनही.

काजवालीनं चमचा बशीत ठेवला, आवाज न करता. टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून ती उठली. सासरे म्हणाले, "अहो, अजून वाढायचंय," आणि सून खुर्ची सरकवायला म्हणून उठली. पण तिला वाट देण्यापलीकडं तिच्याच्यानं काही झालं नाही. दाराची कडी काजवालीला चटकन दिसली नाही. ती बोटांनी चाचपत राहिली. टेबलाशी कुणीच हललं नाही. मग कडी सापडली, दार उघडलं, आणि ती बाहेर पडली.