सोडायची जबाबदारी

आक्काच्या काचेच्या दुकानात नवीन माणूस कामाला आला, की पहिल्या दिवशी त्याच्या हाती काच लागत नसे. आधी त्याला पाणी मिळायचं. आक्का समोर बसून घरचं-दारचं विचारायची आणि बोलता बोलता तिचं कोपर टेबलावरच्या स्टीलच्या पेल्याला लागायचं. पेला जमिनीवर, पाणी सगळीकडे. नव्या माणसाला वाटायचं, बाई जरा धांदरट दिसते. बाई कसली धांदरट. पेला पडताना या माणसाचे हात कुठे जातात, ते ती बघत असायची.

काही जण झडप घालायचे. काही जण खुर्चीसकट मागे सरकायचे. पहिल्यांना आक्का मनातल्या मनात म्हणायची धरणारे आणि दुसऱ्यांना सोडणारे. धरणाऱ्यांना मापं घेणं, कापणं, कागद घालून काचा बांधणं असली कामं. मोठी काच उचलायला मात्र फक्त सोडणारे.

कारण या धंद्याचा कायदा एकच. काच हातातून निसटली, तर तिला पकडायचं नाही. सोडायचं आणि भिंतीला पाठ लावायची. पडणारी काच ही काच राहत नाही, सुरी होते. हातमोजे बितमोजे तिला लोण्यासारखे. बाकी जगात पडणारी वस्तू पकडणाऱ्याला शाबासकी मिळते. इथे टाके पडतात.

आक्काला स्वतःला अकरा पडले होते. सव्विसाव्या वर्षी निसटती काच तिने छातीशी धरली, आणि डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकत नाहीत. तेव्हाच्या मालकाने चार माणसांत तिची पाठ थोपटली होती. "वाघीण आहे, काच वाचवली." काच खरंच वाचली होती. बोटांचं कुणी विचारलं नाही. पुढे मालक थकून घरी बसला आणि दुकान आक्काने चालवायला घेतलं. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, इथे काच फुटली म्हणून कुणाला बोलणी बसणार नाहीत. काच वाचवली तर बसतील, आणि मग दिवसभर बसतील.

अशा दुकानात एका सकाळी तिचा जावई कामाला आला.

जावई म्हणजे हिराच. एका कारखान्याच्या गोदामात अकरा वर्षं खिळ्याखिळ्याचा हिशोब ठेवला आणि कारखान्याला टाळं लागलं, त्या संध्याकाळीही किल्ल्या मोजून दिल्याशिवाय घरी गेला नाही. थोरल्या मुलीचा नवरा, शांत, शब्दाला पक्का. "आई, सांगाल ते काम करीन," म्हणाला. आक्काने त्याला पाणी दिलं. जावई झाला म्हणून काय, नियम तो नियम. बोलता बोलता तिचं कोपर पेल्याला लागलं.

पेला जमिनीला टेकलाच नाही. जावयाने तो गुडघ्याच्या उंचीवर झेलला, बाहीने पुसला आणि दोन्ही हातांनी पुन्हा टेबलावर ठेवला.

कोपऱ्यात खिडकीला पुट्टी भरणारे पुट्टीकाका वीस वर्षं हा पेला पडताना बघत आले होते. "थेंब नाही सांडला," ते म्हणाले. "असला पाहिला नव्हता."

आक्काने मनातल्या मनात त्याला धरणाऱ्यांत टाकलं.

मग काय, जावई बांधाबांधीला. काचेमध्ये कागद, कागदावर काच, वर दोरी. त्याने बांधलेला गठ्ठा डोंगरावरून लोटला असता तरी तडा गेला नसता. पण महिना गेला तरी आक्का त्याला मोठ्या काचेपाशी फिरकू देईना, आणि दोन माणसांची ती काच रोज कोण उचलतं, तर लंबू नावाचा एक उंच गडी आणि आक्काची धाकटी मुलगी. हे जावयाला लागलं. घरी भाकरीचा तुकडा हातात धरून बसायला लागला तेव्हा थोरलीच्या लक्षात आलं, आणि रविवारी ती आईच्या दारात उभी राहिली.

"माझ्या नवऱ्याला तू कागद गुंडाळायला ठेवलंयस."

"बस तरी आधी."

"बसायला नाही आले. धाकटीवर तुझा विश्वास आहे आणि त्यांच्यावर नाही? जिने तीन नोकऱ्या सोडल्या? ठरलेलं लग्न सोडलं?"

"तो माणूस जेवताना बोट दाखवून बोलायचा," धाकटी आतून म्हणाली. "आणि पाच स्वेटर पण सोडलेत अर्धे. तेही सांग."

थोरलीने पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. तिच्या ऑफिसात स्वभाव ओळखायचं शिबिर झालं होतं. चाळीस प्रश्न, चार खाने. कुणी सिंह, कुणी मुंगी, कुणी कासव, कुणी फुलपाखरू. प्रत्येकाच्या दोन बाजू, जमेची आणि उणी. तिने अख्ख्या घराला त्यात बसवलं होतं.

"हे बघ, हे मुंगी निघाले. चाळीसपैकी सदतीस. जमेच्या बाजूला काय लिहिलंय, वाच."

आक्काने चष्मा लावला. "जबाबदार. चिकाटी. सोपवलेलं काम काहीही झालं तरी टाकत नाही." तिने कागद खाली ठेवला. "अगं, हेच तर माझं दुखणं आहे."

"मी कोण?" धाकटीने विचारलं.

"फुलपाखरू."

"गांधीलमाशी नव्हती का त्यात?"

"आई, चेष्टा नको," थोरली म्हणाली, आणि तिचा आवाज जरा फाटला. "माणूस आतून खचतोय. त्यांना वाटतं, सासूबाईंनी दया म्हणून ठेवलंय."

चाळीस प्रश्न छापणाऱ्या साहेबांना काच पडल्यावर काय करता हा एक प्रश्न सुचला नाही, असं तिला म्हणायचं होतं. म्हणाली नाही. मुलीचे डोळे भरलेले दिसत होते आणि आपली दोन ताठ बोटं तिने पदराखाली घेतली. जावयाला ही बोटं दाखवून सगळं सांगता आलं असतं. पण सांगून स्वभाव बदलतो यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तिला स्वतःला तरी आधी कुणी कमी सांगितलं होतं?

जाताना थोरली कागद तिथेच विसरली.

बुधवारी पंचाईत झाली. एका दवाखान्याच्या जिन्यावर खिडकीची मोठी काच बसवायची होती, माणसाच्या उंचीहून वर. जिन्याचा वारा थेट रुग्णांच्या खोल्यांत जात होता आणि शुक्रवारपर्यंत काच लावायचा आक्काने शब्द दिला होता. लंबूची कंबर धरली. पुट्टीकाकांचं वय झालेलं. आक्काचा डावा हात असा.

"मी उचलतो," जावई म्हणाला. महिन्याभरात पहिल्यांदा तो न विचारता बोलला होता.

नाही म्हणायला आक्काने तोंड उघडलं आणि त्याचा चेहरा बघून मिटलं. आता नाही म्हटलं तर हा माणूस उद्यापासून कामाला येईल, रोज येईल, आणि मनाने कधीच येणार नाही.

"आधी मागच्या अंगणात चला," ती म्हणाली.

अंगणात तडे गेलेल्या, वाया गेलेल्या काचांचा ढीग होता. तिने त्याला जाड हातमोजे, बूट घालायला लावले आणि एक गुडघाभर काच हातात दिली.

"टाका."

जावयाने काच अलगद जमिनीवर टेकवली.

"जावईबापू, टाका म्हणजे ठेवा नव्हे. सोडून द्या हातातून."

"हो." त्याने दुसरी काच घेतली, वाकला, आणि वीतभर अंतरावरून सोडली. ती फुटली नाही. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

तिसऱ्या वेळी धाकटीने मागून येऊन "सोड" म्हणून कानात आरोळी ठोकली. जावई दचकला आणि काच घट्ट छातीशी धरली. आक्काने डोळे मिटले. तिच्या सव्विसाव्या वर्षीची उभी काच अशीच होती, अशीच छातीशी.

"भाऊजी, ती काय तुमची मुलगी आहे?" धाकटी म्हणाली.

"हाताला सवय नाही," जावई कानकोंडा होऊन म्हणाला. "डोक्याला कळतं. हात ऐकत नाहीत."

चौथी काचही ठेवली गेली. पुट्टीकाका दारात उभे राहून बघत होते, ते मान हलवत आत गेले.

आक्का पायरीवर बसली. या माणसाला सोडणारा करायचं म्हणजे मांजराला पोहायला शिकवणं. करायचं कशाला? तिला थोरलीचा कागद आठवला, तो तिने दुकानाच्या गल्ल्यात आणून ठेवला होता. सोपवलेलं काम काहीही झालं तरी टाकत नाही. तिने ती ओळ मनात दोनदा घोळवली आणि उठली.

"जावईबापू, इकडे बघा. काच सांभाळणं तुमचं काम नाही. काच धाकटी सांभाळेल. तुमच्याकडे मी एकच काम सोपवते. ती सोड म्हणाली, की सोडायचं आणि भिंतीला पाठ लावायची. ती जबाबदारी तुमची. हातात काच राहिली, तर काम झालं नाही असं मी धरणार. आणि थोरलीला तसं सांगणार."

जावयाने हे सगळं गोदामाच्या किल्ल्या घ्याव्यात तसं घेतलं. "माझी जबाबदारी," तो म्हणाला.

"सोड," धाकटी म्हणाली.

काच फरशीवर आपटून शंभर तुकडे झाले. जावई भिंतीला चिकटून उभा होता. "झालं काम?" त्याने विचारलं.

"झालं. आणखी दहा."

दहाच्या दहा त्याने फोडल्या. मग एकेक तुकडा झाडूने गोळा केला, न सांगता.

तरी शुक्रवारी दवाखान्याच्या जिन्याखाली उभं राहिल्यावर आक्काच्या तोंडचं पाणी पळालं होतं. जिना रिकामा करवून घेतला होता, वरचं दार एका परिचारिकेने धरलं होतं. धाकटी पुढे, जावई मागे, मध्ये ती काच, उभी. "पाऊल," धाकटी म्हणायची. "पाऊल," जावई म्हणायचा. पहिला टप्पा गेला. मधल्या सपाट जागेवर वळायचं होतं. वळताना काचेचा वरचा कोपरा कठड्याच्या लोखंडी गोळ्याला लागला. फार नाही, टिचकी मारावी इतकाच.

आक्काला खालून आधी आवाज आला. बर्फ तडकावा तसा. मग काचेच्या पोटातून एक रेघ तिरपी धावत गेली.

"सोड," धाकटी म्हणाली. ओरडलीसुद्धा नाही.

आक्काने जावयाचे हात पाहिले. ते हात सुटले आणि पुन्हा काचेकडे गेले. खरंच गेले, एक वीतभर, अकरा वर्षांची सवय होती ती. आणि मग कुणी दोरी ओढावी तसे मागे आले, आणि जावई भिंतीवर पाठ आपटून उभा राहिला, धाकटीच्या शेजारी. काच दोघांच्या पुढून पायऱ्यांवर कोसळली. अख्खा जिना वाजला. वरच्या मजल्यावरचे लोक खोल्यांतून बाहेर आले.

आक्का तुकड्यांवरून बूट करकरवत चढली. जावयासमोर येऊन तिने त्याचे हातमोजे खेचून काढले, आधी डावा, मग उजवा, आणि एकेक बोट वाकवून बघितलं. अंगठा. दुसरं. तिसरं. सगळी वाकत होती. मग ती तिथेच वरच्या मोकळ्या पायरीवर बसली. जीव भांड्यात पडला होता.

"आई, काच गेली," जावई म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता. "पण काम झालं ना?"

"झालं, बाबा," आक्का म्हणाली. जावयाला ती पहिल्यांदाच बाबा म्हणाली. "माझ्या वेळी सोड म्हणायला कुणी नव्हतं."

तेव्हा कुठे जावयाने तिच्या डाव्या हाताकडे नीट पाहिलं. बारा वर्षं तो हात त्याला वाढत आला होता.

"माझी दहा बोटं कुणी मोजत नाही," धाकटी कठड्याला टेकून म्हणाली. थट्टेतच म्हणाली, पण नजर दुसरीकडे होती.

आक्काने वर पाहिलं. या पोरीने सोडलेल्या गोष्टींची यादी तिला तोंडपाठ होती. आल्यागेल्याला ऐकवलीही होती तिने. पण धाकटीने वेळेवर सोडलं नसतं, तर जावयाने तरी कुणाचं बघून सोडलं असतं? आणि तो जेवताना बोट दाखवणारा माणूस, त्याला धरून ठेवला असता तर? आक्काने हात पुढे केला.

"आण इकडे."

"राहू दे आता."

"आण म्हणते ना."

धाकटीने हात दिले. आक्काने तिचीही दहा मोजली, सावकाश, एखाद्या बोटावर जरा थांबून. धाकटी हात सोडवून घेईल असं तिला वाटलं होतं. तिने घेतले नाहीत.

"भाऊजी," थोड्या वेळाने धाकटी म्हणाली, "दुकानात दुसरी काच आहे तेवढीच. मी टेम्पो घेऊन येते. तुम्ही इथे झाडा."

ती गेली. खालपर्यंत दोन-दोन पायऱ्या उतरत गेली. जावयाने परिचारिकेकडून झाडू घेतला, मग ओलं फडकं, मग टॉर्च. रुग्णांच्या चपला इथून जाणार, म्हणून तो एकेका पायरीवर गुडघे टेकून बसत होता, उजेड तिरपा धरून चमक शोधत होता. आक्का म्हणाली झालं आता, परिचारिका म्हणाली खूप झालं. तो ऐकेना.

टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा तिसऱ्या पायरीच्या फटीतून त्याने नखाएवढा एक तुकडा चिमट्याने बाहेर काढला आणि कागदात गुंडाळला.

"हा शेवटचा," तो म्हणाला, आणि हातमोजे घालून काच उचलायला खाली गेला.